पावसात फॅट उतरली, शेण पातळ झालं: खुराकाचं पोतं बदलण्याआधी कोटीपोट समजून घ्या

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण दूध उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे चार संकरित गाई आहेत, प्रत्येकी साधारण चारशे किलो वजनाच्या आणि दिवसाला बारा लिटरच्या आसपास दूध देणाऱ्या. मे संपेपर्यंत दूध संस्थेत फॅट, म्हणजे दुधातली स्निग्धता, ३.८ टक्के लागत होती. पाऊस धरल्यापासून ती २.९ ते ३.० वर आली. दूध मात्र घटलेलं नाही. शेण पातळ पडतं आणि त्यात दाण्याचे तुकडे दिसतात. सकाळी तीन किलो आणि संध्याकाळी तीन किलो गोळी खुराक, शिवाय किलोभर कण्यांची पेज, बांधावरून कापून आणलेलं ओलं गवत वीसेक किलो आणि पेंढा दोन किलो, असा प्रत्येक गाईचा आहार आहे. दुकानदार सांगतो, महागातला खुराक घ्या आणि टॉनिक सुरू करा. शेजारी म्हणतात, ओलं गवत बंद करा. या दोघांपैकी कुणाचं ऐकावं, हा मुख्य प्रश्न. जाता जाता आणखी दोन शंका आहेत: वाड्यावरची डुकरं हॉटेलातलं उरलंसुरलं खाऊन पोसतात, मग ते गाईला का चालू नये? आणि दोन महिन्यांच्या पाडीला चारा केव्हापासून घालावा?

मी या भागात बरीच वर्षं पशुवैद्यक म्हणून काम केलं आहे आणि जूनमध्ये हा प्रश्न दरवर्षी येतो. तुम्ही आहाराचे आकडे नीट लिहिलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. माझ्या मते खुराक कुठला, हा तुमचा प्रश्न नाहीच. गाईच्या पोटात चावून खाण्याजोगा कोरडा चारा आणि पटकन आंबणारं खाद्य यांचं प्रमाण उलटं झालं आहे, हा खरा प्रश्न आहे.

त्याआधी काही गोष्टी तपासून घ्या, कारण फॅट फक्त आहारावर ठरत नाही. गाय व्याल्यावर दीड-दोन महिन्यांनी दूध सर्वात जास्त असतं आणि तेव्हा फॅट आपोआपच थोडी कमी लागते. जर्सीच्या रक्ताची गाय आणि होल्स्टिनच्या रक्ताची गाय यांत मुळात फरक असतो. दोन धारांमधलं अंतर जास्त असेल, तर त्या वेळचं दूध जास्त आणि फॅट कमी येते. शेवटच्या धारांत फॅट सर्वात जास्त असते, त्यामुळे घाईत कास अर्धवट पिळली तरी आकडा पडतो. कॅनमधलं दूध न ढवळता नमुना घेतला, तरी तसंच. पण तुमच्या चारही गाईंची फॅट एकाच वेळी, पाऊस सुरू होताच उतरली आहे आणि जोडीला शेणही पातळ आहे. अशा वेळी मी आधी गव्हाणीकडे बघतो.

आता पोटाकडे येऊ. गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाला चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरपेक्षा जास्त ऐवज मावतो. तिथे पचनाचा रस पाझरत नाही. तिथे असतात सूक्ष्मजंतू, एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी. आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतं, तशी आंबण्याची क्रिया तिथे दिवसरात्र चालू असते, साधारण ३९ अंश सेल्सिअस तापमानाला. गवत आणि पेंढ्यातला तंतुमय भाग पचवण्याची ताकद गाईत स्वतःत नाही. ती या जंतूंमध्ये आहे. ते चारा आंबवतात, त्यातून काही आम्लं तयार होतात आणि ती कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात शोषली जातात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच मोठा वाटा या आम्लांतून येतो.

यातली तीन आम्लं लक्षात ठेवा, कारण तुमचं फॅटचं कोडं त्यांतच सुटतं. तंतुमय चारा आंबला की मुख्यतः ॲसेटिक आम्ल तयार होतं. कास त्याच्यापासून दुधातली स्निग्धता बनवते. पिष्टमय खाद्य, म्हणजे मका, कण्या, भात, आंबलं की प्रोपिऑनिक आम्लाचं प्रमाण वाढतं. यकृत त्याची साखर करतं, त्या साखरेपासून कासेत दुधातली शर्करा होते आणि शर्करेच्या प्रमाणात दुधात पाणी ओढलं जातं. म्हणून खुराक वाढवला की दूध टिकतं किंवा वाढतं आणि फॅट मात्र घसरते. तिसरं ब्युटिरिक आम्ल, तेही स्निग्धतेच्या उपयोगी पडतं. तुमच्याकडे दूध तेवढंच आणि फॅट कमी, ही जोडी नेमकी याच दिशेला बोट दाखवते.

याला दुसरी बाजू आहे लाळेची. गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते. या लाळेत नैसर्गिक सोडा असतो आणि तो कोटीपोटातली आंबट बाजू सांभाळतो. पण ही लाळ चावल्याशिवाय सुटत नाही. लांब, कोरडा, चरबरीत चारा असेल तर गाय तो चावते, मग निवांत बसून पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. निरोगी गाय दिवसातले सहा ते नऊ तास रवंथ करते. गोळी खुराक आणि पेज मिनिटांत पोटात जातात आणि त्यांना लाळ फारशी मिळत नाही. जूनचं कोवळं गवतही जवळजवळ पाणीच असतं. त्यात तंतू कमी आणि विरघळणारी साखर जास्त, त्यामुळे तेही झटपट आंबतं. मग कोटीपोटाचा सामू, म्हणजे पीएच, खाली येतो. तो सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान असला की तंतू पचवणारे जंतू जोमाने काम करतात. सहाच्या खाली गेला की त्यांचा जोर ओसरतो. साडेपाचच्या आसपास गेला की गाय वरवर ठीक दिसते, पण आतून आजारी असते. खाणं कमी-जास्त होतं, शेण पातळ आणि बुडबुडे असलेलं पडतं, काही महिन्यांनी खूर दुखू लागतात. शिवाय अशा आंबट कोटीपोटात काही मेदाम्लं अर्धवट बदलतात आणि ती कासेत पोचून स्निग्धता बनण्याच्या कामालाच आळा घालतात. म्हणजे फॅटचा कच्चा माल कमी पडतो आणि बनवण्याचं कामही मंदावतं, असा दुहेरी फटका बसतो.

आता तुमचेच आकडे मांडून बघू. हिशेब नेहमी पाणी वगळून, शुष्क पदार्थात करायचा. गोळी खुराक, कण्या आणि पेंढा यांत साधारण नव्वद टक्के शुष्क पदार्थ असतो. पावसाळी कोवळ्या गवतात जेमतेम पंधरा टक्के. सहा किलो खुराक आणि किलोभर कण्या मिळून सात किलो, त्यातून ६.३ किलो शुष्क पदार्थ मिळतो. वीस किलो ओल्या गवतातून मिळतो फक्त ३ किलो. दोन किलो पेंढ्यातून १.८. एकूण ११.१ किलो. चारशे किलोच्या दुभत्या गाईला वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे बारा किलोच्या आसपास शुष्क पदार्थ लागतो. तेव्हा पोट भरायला फार कमी पडत नाही. पण या ११.१ पैकी सत्तावन्न टक्के वाटा झटपट आंबणाऱ्या खाद्याचा आहे. उरलेल्यातही निम्म्याहून जास्त भाग कोवळ्या गवताचा, ज्याला चावावं लागत नाही. डोळ्यांना गव्हाणीत हिरवागार ढीग दिसतो, आणि म्हणूनच चाऱ्याची उणीव लक्षात येत नाही.

मे महिन्यात तुमचा खुराक एवढाच असणार, पण तेव्हा गाई कोरडं गवत आणि पेंढा जास्त खात असणार. पाऊस आला, हिरवं फुकट मिळू लागलं आणि पेंढा आखडता घेतला गेला. आपल्याकडे हे जवळपास प्रत्येक गोठ्यात होतं.

म्हणून दुकानदाराचा सल्ला मी बाजूला ठेवीन. महागडा खुराक म्हणजे बहुधा जास्त पिष्ट किंवा जास्त प्रथिनं, आणि तुमच्या गाईला त्यांची कमतरता नाही. शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ओलं गवत बंद करायचं नाही, त्याला कोरड्या चाऱ्याची जोड द्यायची आणि गवत जरा जून होऊ द्यायचं.

मी तुमच्या जागी असतो तर एका गाईचा आहार असा ठेवला असता. कण्यांची पेज बंद. खुराक पाच किलो, तोही दिवसातून तीन वेळांत विभागून, एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त नाही. पेंढा तीन किलो. बांधावरच्या कोवळ्या गवताऐवजी शक्य असेल तितकं संकरित नेपियर हे लागवडीचं चारा-गवत, पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी कापलेलं, पंचवीस किलो. कापून दोन-तीन तास सुकवलं तर उत्तम. अशा नेपियरमध्ये साधारण वीस टक्के शुष्क पदार्थ धरला तर ५ किलो, पेंढ्यातून २.७ आणि खुराकातून ४.५, एकूण १२.२ किलो. खुराकाचा वाटा सदतीस टक्क्यांवर येतो. अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, हा जो नियम पशुपालक तोंडपाठ म्हणतात, त्या हिशेबाने बारा लिटरला पाच किलो बरोबर बसतो. शरीरपोषणासाठी वेगळा दीड किलो द्यावा असंही सांगतात. हिरवा चारा बरा असेल तर तो वेगळा देण्याची गरज मला वाटत नाही. चारा निव्वळ पेंढाच असेल तेव्हा मात्र तो दिला पाहिजे.

नेपियर नसेल तर? मग बांधावरचं गवत फुलोऱ्यावर येण्याच्या सुमाराचं कापा आणि पेंढा चार किलोपर्यंत न्या. कुंपणाला गिरिपुष्पाची झाडं बहुतेकांकडे असतात. त्याच्या पाल्यात प्रथिनं भरपूर. तो एक दिवस सुकवून, चाऱ्यात थोडा थोडा मिसळून, दिवसाला तीन-चार किलोपर्यंत द्यायला हरकत नाही. सुरुवातीला वासामुळे गाई तोंड फिरवतात, सवय झाली की खातात. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, असलेल्यांनी पोफळीच्या विऱ्यांकडे, म्हणजे झावळीच्या बुडाशी असणाऱ्या रुंद आवरणांकडे, दुर्लक्ष करू नये. वाळवून बारीक कापलेली विरी कोरडा चारा म्हणून चालते. तिच्यात पोषण पेंढ्याइतकंच बेताचं, पण चावायला लावण्याचं काम ती नक्की करते.

चारा कापताना दीड-दोन इंचांचे तुकडे ठेवा. कडबाकुट्टीत अगदी भुगा केला तर रवंथ घटतो आणि मूळ दुखणं परत येतं.

क्रमही महत्त्वाचा. पहाटे उपाशी पोटी खुराक टाकू नका. आधी थोडा पेंढा, मग धार काढताना खुराक, त्यानंतर हिरवं. आणि कुठलाही बदल एका दिवसात करू नका. कोटीपोटातल्या जंतूंचे वेगवेगळे गट वेगवेगळ्या खाद्यावर जगतात. खाद्य बदललं की एका गटाची संख्या कमी होऊन दुसऱ्याची वाढायला दोन ते तीन आठवडे लागतात. पेज आणि जादा खुराक आठवडाभरात हळूहळू उतरवा. एका पोत्यावरून दुसऱ्या पोत्यावर जातानाही आठ-दहा दिवस दोन्ही मिसळून द्या. बऱ्याच तक्रारी नव्या खुराकाच्या नसतात, तो एकदम बदलल्याच्या असतात.

पेंढ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपला सगळा भार त्यावर आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असते, प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, आणि त्यातली ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतात. फॉस्फरसही कमी. म्हणून भाताच्या पेंढ्यावर पोसलेल्या गाईला दिवसाला पन्नास ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण आणि तीस ग्रॅम मीठ द्यायलाच हवं. गाय माजावर न येणं, व्याल्यावर बसून राहणं, भिंती चाटणं, यांतल्या कितीतरी केसेस मला पेंढा अधिक शून्य खनिज अशा गोठ्यांत दिसल्या आहेत. टॉनिकवर जे पैसे घालवायला निघाला आहात ते खनिज मिश्रणावर घाला.

पावसाळ्यासाठी साठवायचा पेंढा शक्यतो वायंगणीचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या दुसऱ्या भातपिकाचा, घ्या. खरिपाचं भात कापताना परतीचा पाऊस गाठतो आणि भिजलेला पेंढा आतून बुरसतो. वायंगण उन्हाळ्याच्या तोंडावर निघतं, त्यामुळे पेंढा खडखडीत वाळतो. यंत्राने कापणी सुरू झाल्यापासून कित्येक शेतकरी पेंढा शेतातच सोडतात. तो गोळा करून ठेवणं घाटावरून येणाऱ्या कडब्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. उन्हाळ्यात वेळ असेल तर पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करा: शंभर किलो पेंढा, चार किलो युरिया, पन्नास लिटर पाणी. पाण्यात युरिया पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकायचा, एकवीस दिवसांनी उघडायचा. खायला घालण्याआधी तासभर हवेवर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यायचा. जंतू युरियातल्या नायट्रोजनपासून स्वतःची प्रथिनं बनवतात. पुढे हेच जंतू चाऱ्याबरोबर खऱ्या पोटात वाहत जातात आणि तिथे पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग हा असा जंतूंच्या देहातून येतो. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा अजिबात नको, आणि युरिया कधीही पाण्यात कालवून किंवा नुसता खुराकावर टाकून देऊ नका. विषबाधेने गाय तासा-दोन तासांत जाऊ शकते.

नारळाची पेंड आपल्याकडे सहज मिळते आणि गाई आवडीने खातात. तेलाच्या घाण्यावरच्या पेंडीत तेल बरंच राहतं. एकूण आहारात तेलाचा अंश सहा-सात टक्क्यांपुढे गेला की तंतू पचवणाऱ्या जंतूंना ते बाधतं, त्यामुळे पेंड किलोभरातच ठेवा आणि तेवढा खुराक कमी करा. दमट हवेत ही पेंड लवकर बुरसते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन गाईच्या यकृताला त्रास देतं आणि दुधातही उतरतं. ते दूध आपलीच मुलं पितात. पोती भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवा. गाठी धरलेली, कुबट वासाची पेंड उन्हात वाळवून वापरू नका. बुरशी मरते, विष राहतं.

आता हॉटेलातल्या उरलेल्या अन्नाचा प्रश्न. डुकराचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं. त्याने खाल्लेला भात पाचकरसांनी लहान आतड्यात पचतो. गाईने खाल्लेला भात आधी कोटीपोटातल्या जंतूंच्या हाती लागतो. एकदम खूप शिजलेला भात किंवा पोळ्या पोटात गेल्या की लॅक्टिक आम्ल बनवणारे जंतू बेसुमार वाढतात, सामू पाचच्याही खाली जातो, कोटीपोटाची हालचाल थांबते आणि शरीरातलं पाणी कोटीपोटात ओढलं जातं. चतुर्थीनंतर, जत्रेनंतर, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला येणारे फोन बहुतांशी याचेच असत. लोकांनी मायेनेच घातलेलं असतं. उरलेलं अन्न फेकणं जिवावर येतं हे मी समजू शकतो, पण घमेलंभर भात गाईसमोर ओतणं तिच्या जिवावर बेतू शकतं. हॉटेलच्या कचऱ्यात हाडं, मासळी, प्लास्टिक, तारा, दातकोरणीही असतात. तार किंवा खिळा जाळीपोटात अडकतो आणि जाळीपोटाच्या अगदी पुढे, मधल्या पडद्यापलीकडे हृदय असतं. त्यामुळे हॉटेलचं अन्न गाईला नको, हे माझं उत्तर ठाम आहे.

हीच गोष्ट एप्रिल-मेमध्ये काजूच्या बोंडूंची आणि फणसाच्या चारखंडांची, म्हणजे गरे काढून उरलेल्या सालींची. नीरो, म्हणजे बोंडूंचा रस, काढून उरलेला चोथा भाटीच्या, म्हणजे दारूभट्टीच्या, आसपास ढिगाने पडलेला असतो, मोकळी गुरं तिकडे ओढली जातात. ताजा चोथा थोडा, म्हणजे दोन-तीन किलो, चाऱ्यात मिसळून दिला तर चालतो. वाळवून ठेवला तर आणखी बरा. आंबलेला ढीग गाईने पोटभर खाल्ला तर मात्र तीच आम्लता आणि वर दारूची गुंगी. काजूच्या हंगामात गुरं मोकळी सोडणाऱ्यांनी एवढं जपावं.

अशी गाय कशी ओळखायची? चारा सोडते, रवंथ बंद, डावी कूस भरलेली आणि दाबली तर पिठाच्या गोळ्यासारखी किंवा आत पाणी डुचमळल्यासारखी लागते. नंतर राखाडी, आंबट वासाचं पातळ शेण, झोकांड्या, आणि मग गाय बसते. भात किंवा दाणा जास्त खाल्ल्याचं कळलं की लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकाला बोलवा. तोवर खाद्य सगळं काढून घ्या, पाणी पोटभर पिऊ देऊ नका आणि तिला हळूहळू चालवत ठेवा. बाटलीने तेल किंवा सोडा पाजण्याची घाई नको. अशक्त गाईच्या फुफ्फुसात ते गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं.

तुमच्या गाई या टप्प्यावर नाहीत. त्यांची आम्लता सौम्य, दबकी आहे. खाण्याचा सोडा दिवसाला शंभर ग्रॅम, दोन वेळच्या खुराकात मिसळून पंधरा दिवस द्या. आहार सुधारेपर्यंत तो आधार आहे. आहार तसाच ठेवून वर्षभर सोडा घालत राहणं मला पटत नाही.

फरक पडतोय का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी गाई बसलेल्या असताना गोठ्यात उभे राहा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. एका घासाला पन्नास ते सत्तर वेळा चावणं मोजता आलं तर पोट ठीक चाललंय. चाळिशीच्या आतच घास गिळत असेल तर चारा अजून कमी आहे. डाव्या कुशीत मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून लाट आल्यासारखी मूठ उचलली गेली पाहिजे. शेण घट्टसर पडून मधे किंचित खळगा राहावा. थोडं शेण चाळणीवर पाण्याने धुऊन बघा. अख्खे दाणे आणि लांब काड्या दिसल्या तर पचन घाईत होतंय. फॅट सुधारायला दोन ते तीन आठवडे द्या.

पंधरा-वीस दिवसांनीही शेण पातळच राहिलं, तर शेणाचा नमुना सरकारी पशुचिकित्सालयात तपासून घ्या. भातशेतीच्या पाणथळ भागात गोगलगायींमार्फत पर्णकृमी पसरतात आणि पावसाळ्यानंतर त्यांचा जोर वाढतो. जबड्याखाली सूज दिसली तर त्यांचा संशय बळावतो. हे जंत साध्या जंतनाशकाने जात नाहीत, औषध वेगळं लागतं, म्हणून आधी तपासणी. आणि फॅटऐवजी एसएनएफ, म्हणजे दुधातले स्निग्धता सोडून उरणारे घन पदार्थ, उतरलेली असेल तर सारा विचार बदलतो. तेव्हा गाईला ऊर्जा कमी पडतेय का, खुराक खरोखरच अपुरा आहे का आणि दबका कासदाह आहे का, हे बघावं लागतं. म्हणूनच दोन्ही आकडे हवेत.

देशी गाई पाळणाऱ्यांनी माझा वरचा हिशेब उचलू नये. आपली गोव्याची देशी गाय, श्वेतकपिला, रानात चरून आणि पेंढ्यावर राहू शकते. तिचं वजन आणि दूध दोन्ही कमी, त्यामुळे तिला पाच किलो खुराक म्हणजे दुखण्याला आमंत्रण. तिला खनिज मिश्रण, मीठ, स्वच्छ पाणी आणि दुभती असताना किलो-दीड किलो खुराक पुरतो.

पाण्याचं राहिलंच. दुभत्या गाईला शरीरासाठी लागणाऱ्या पाण्याशिवाय दर लिटर दुधामागे चार-पाच लिटर पाणी लागतं. पावसात ओलं गवत खाल्ल्याने ती कमी पितेसं वाटतं, तरी पाणी चोवीस तास समोर असू द्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि एप्रिल-मेमध्ये गाई दिवसा खात नाहीत. तेव्हा चाऱ्याचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री टाका.

शेवटी पाडी. जन्मतः वासराचं कोटीपोट लहान आणि निकामी असतं, खरं पोट मोठं. चोखताना अन्ननळीच्या टोकाशी पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोट टाळून थेट खऱ्या पोटात जातं. कोटीपोट वाढतं ते कोरड्या खाद्याने. त्यातून तयार होणारी आम्लंच त्याच्या भिंतीला वाढायला लावतात. तुमची पाडी दोन महिन्यांची झाली, म्हणजे उशीरच झाला आहे, पण बिघडलेलं नाही. वासराचा खुराक मूठभरापासून सुरू करा, बारीक मऊ वाळलं गवत आणि पाणी सतत ठेवा. रोज किलोभर खुराक सलग काही दिवस खाऊ लागली की दूध हळूहळू तोडा. हिरवं तिसऱ्या महिन्यापासून, थोडं थोडं. पुढच्या वासराला दुसऱ्या आठवड्यापासूनच खुराक चाखायला द्या, आणि चीक जन्मल्यापासून दोन तासांच्या आत.

आहार बदलल्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा. लिहिताना चारही गाईंची वेगवेगळी फॅट आणि एसएनएफ, प्रत्येकीला व्याऊन किती महिने झाले, आणि पेंढा प्रत्यक्ष वजन करून किती खाल्ला गेला, एवढं कळवा. गव्हाणीत टाकलेला आणि पोटात गेलेला पेंढा यांत बराच फरक असतो, तेव्हा सकाळी उरलेला तेवढा वजा करायला विसरू नका.